एका कॉम्प्युटरला दोन माउस: उजवा माझा, डावा मेघाचा (प्रकल्प नोंदी)

१ जुलै २०२५, मंगळवार

गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे अहवालांचा हंगाम सुरू झाला. आज तिसऱ्या मंडळाचा मजकूर आला. कार्यकारिणीची यादी, जमाखर्च, देणगीदारांची चार पानं आणि जाहिरातींचं एक जाडजूड पाकीट. गिरगावातल्या चाळीतल्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर एकच आहे. दुसरा घ्यायचा तर टेबल ठेवायचं कुठे आणि कोरलच्या (पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या) आणखी एका लायसन्सचे पैसे आणायचे कुठून, म्हणून तो विषय केव्हाच बंद झाला. मी आणि माझी धाकटी नणंद मेघा, दोघी एकाच स्क्रीनसमोर बसतो. ती भिंतीच्या बाजूला, डावीकडे. मी दाराच्या बाजूला, उजवीकडे. ती पान लावते, मी प्रूफ वाचते आणि चुका तिथल्या तिथे दुरुस्त करते.

मेघा डावखुरी आहे. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही गेली तीन वर्षं ती माझ्याच माउसने, उजव्या हाताने काम करते आहे. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आज दुपारी फोनवर बोलता बोलता ती पाठकोऱ्या कागदावर एका जाहिरातीची चौकट काढत होती. डाव्या हाताने, पेन न उचलता. दोन कमानी, एक वर्तुळ, त्यातून वळत आलेली सोंड. सुरेख. मग तीच सोंड स्क्रीनवर काढायला तिने उजव्या हातात माउस घेतला आणि तो एक वळसा काही केल्या येईना. सात वेळा कंट्रोल-झेड, म्हणजे काढलेलं पुसून मागे. मी मोजलं.

"मेघा, डाव्या हाताने का नाही करत?"

"वहिनी, बटणं उलटी करून घ्यावी लागतात. मग तुझ्या हातात माउस आला की तुझं उलटं होतं. दर दहा मिनिटांनी तुला सांगत बसू का, आता बदल, आता परत बदल?"

लहानपणी सासूबाईंनी तिला ताटातला घास उजव्या हाताने घ्यायला लावलं, शाळेत पेन्सिल उजव्या हातात दिली. तेव्हा ती म्हणायची, सचिनसुद्धा सही डाव्या हाताने करतो. ते खरंच आहे, बॅट उजव्या हाताची असली तरी तो लिहितो डाव्याने. पण ऐकलं कुणी नाही. आता माझ्या टेबलावरही तिने तेच करायचं, हे मला मान्य नाही.

म्हणून हे काम हाती घेतलं आहे. दोघींचे दोन माउस, दोन्ही कायम जोडलेले, प्रत्येकीची बटणं प्रत्येकीच्या हाताप्रमाणे. कुणी कुणाला विचारायचं नाही. जे करेन ते इथे तारखेनिशी लिहीत जाईन.

२ जुलै, बुधवार

घरातला जुना वायरचा माउस डावीकडे जोडला. यूएसबीला दोन माउस एकदम चालतात, त्यात अडचण काहीच नाही. बाण एकच राहतो आणि तो दोघांनाही ऐकतो. वायर मात्र पुरली नाही. कॅबिनेट माझ्या पायाशी, उजवीकडे आहे, म्हणून दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर कीबोर्डच्या मागून नेली.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये गेले. 'प्रायमरी बटण' असा पर्याय आहे, लेफ्ट किंवा राइट. तो बदलला की दोन्ही माउसची बटणं बदलतात. एकाचीच बदलण्याची सोय तिथे नाही.

याचं कारण समजून घेण्यात संध्याकाळ गेली, पण ते समजल्यावर पुढची वाट सोपी झाली. माउस कॉम्प्युटरला 'डावं बटण दाबलं' असं कधी सांगतच नाही. अगदी साधा यूएसबी माउस दर वेळी तीन बाइट्स पाठवतो. पहिल्यात बटणांची स्थिती, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. बटणांच्या बाइटमधला पहिला बिट बटण क्रमांक १, दुसरा क्रमांक २, तिसरा म्हणजे चाकाखालचं बटण. १ म्हणजे निवडणं आणि २ म्हणजे मेनू उघडणं, हा अर्थ विंडोज लावतं. विंडोज सगळ्या माउसांचं बोलणं एका प्रवाहात ओततं आणि १-२ ची अदलाबदल त्या एकत्र प्रवाहावर करतं. तोवर कुठला आकडा कुठल्या माउसचा, ही ओळख पुसलेली असते.

म्हणजे अदलाबदल प्रवाह एक होण्याच्या आधी कुठेतरी करायला हवी.

मेघाने एक प्रयोग केला. बटणं न बदलता माउस डाव्या हातात धरला आणि करंगळीकडच्या बटणाचं काम मधल्या बोटाने केलं. पुष्कळ डावखुरे असंच वापरतात आणि त्यांना सवयीने जमतंही. साधं क्लिक तिलाही जमलं. पण बटण दाबून धरून रेघ ओढताना जोर मधल्या बोटात आणि दिशा तर्जनीत, असा हात दुभंगतो. सोंड पुन्हा फसली.

५ जुलै, शनिवार

विंडोजसाठी एक छोटा मोफत प्रोग्रॅम सापडला. विंडोज एक्सपीपासून 'रॉ इनपुट' नावाची सोय आहे, तिच्यातून प्रोग्रॅमला कळतं की हालचाल कुठल्या माउसची. हा प्रोग्रॅम तेवढंच पाहत बसतो. डावा माउस हलला की विंडोजचं प्रायमरी बटण उलटं करतो, उजवा हलला की सुलटं. शिवाय प्रत्येक माउसचा वेग वेगळा ठेवता येतो. त्याची आम्हाला गरज होतीच, कारण जुना माउस हळू आहे आणि माझा जलद.

दहा मिनिटांत बसवला. मेघाने डाव्या हाताने पहिली सोंड काढली. एका झटक्यात, एकही कंट्रोल-झेड नाही. ती काही बोलली नाही, फक्त लगेच दुसरी काढली.

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाण्याची खिचडी, दूध, आणि चौथ्या मंडळाचं मुखपृष्ठ.

प्रोग्रॅममध्ये खोट निघाली, आणि ती कामाच्या भरात निघाली. मी माझ्या माउसने देणगीदारांच्या पानावर जाऊन थांबले. मेघाचा हात तिच्या माउसवर होताच, तिला फक्त एक क्लिक करायचं होतं. तिने माउस न हलवता क्लिक केलं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने शेवटचा हललेला माउस माझा, म्हणून बटणं माझ्या बाजूची. तिच्या तर्जनीने मेनू उघडला, पाठोपाठ सवयीने दुसरं क्लिक त्या मेनूतल्या 'डिलीट'वर बसलं आणि पाच जाहिरातींचा ग्रुप गेला. त्या क्षणी माझं लक्ष प्रूफच्या कागदावर होतं. फाइल सेव्ह झाल्यावर, वीस मिनिटांनी कळलं. परत आणता आला, पण दोघींच्या पोटात गोळा आला.

प्रोग्रॅमचा दोष म्हणावा असं हे नाही. त्याला हालचालीवरूनच ओळखायचं असेल तर न हललेला माउस कसा ओळखणार? आधी जरा हलवायचं आणि मग क्लिक, अशी शिस्त लावता येईल. पण ती शिस्त पुन्हा मेघानेच पाळायची ना, आणि तेच तर मला नको आहे.

एका माणसाला, जो दोन हात आलटून पालटून वापरतो, त्याला हा प्रोग्रॅम अगदी पुरेल. मनगट दुखतं म्हणून अर्धा दिवस डावा हात, अर्धा दिवस उजवा, असं करणाऱ्याला तर नक्की. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसली की तो कमी पडतो.

९ जुलै, बुधवार

आज भाषेचं एक काम झालं. "राइट क्लिक कर" म्हटलं की मेघाला मनात उलटवावं लागतं, कारण तिचं राइट क्लिक डाव्या बटणावर. मी "लेफ्टने धर" म्हटलं की तीच गत. इंग्रजी माहितीपुस्तिकांत यासाठी प्रायमरी आणि सेकंडरी म्हणतात, पण ते तोंडात बसेना. आम्ही बोटांची नावं घ्यायचं ठरवलं. तर्जनी आणि मधलं. तर्जनी दोघींचीही तर्जनीच, हात कुठलाही असो. "तर्जनीने धर, ओढ, सोड. मधल्याने मेनू." संध्याकाळपर्यंत माझ्याही तोंडात बसलं.

१२ जुलै, शनिवार

माझा मुलगा ओंकार इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आहे. म्हणाला, "आई, आमच्याकडे प्रत्येक माउसचं सेटिंग वेगळं करता येतं." बघायलाच हवं होतं.

खरंच येतं. तिथे प्रत्येक उपकरण शेवटपर्यंत आपली ओळख राखून असतं. एक्सइनपुट नावाच्या कमांडने यादी मागितली की कीबोर्ड, टचपॅड, दोन्ही माउस वेगवेगळ्या क्रमांकांनी दिसतात. त्यातल्या हव्या त्या माउसला 'लेफ्ट हँडेड' हा गुण लावायचा, बस. लावल्याबरोबर डाव्या माउसची बटणं उलटली, उजव्याची होती तशीच राहिली. एकीने माउस न हलवता क्लिक केलं तरी चुकलं नाही, कारण इथे अदलाबदल प्रवाह एक होण्याच्या आधीच होते. मला हवं होतं ते नेमकं हेच.

एक बारकावा. हा क्रमांक कायमचा नसतो. माउस काढून पुन्हा लावला की बदलू शकतो, आणि सेटिंगही जातं. म्हणून क्रमांकाऐवजी माउसच्या नावाने बांधायचं आणि कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं.

मग ओंकारला हुरूप आला. लिनक्सच्या एक्स सर्व्हरमध्ये, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या आणि बाण दाखवणाऱ्या भागात, २००९ पासून दोन बाणांची सोय आहे, पीटर हटरर या प्रोग्रॅमरने केलेली. ओंकारने दुसरा बाण तयार केला, मेघाचा माउस त्याला जोडला, आणि स्क्रीनवर दोन बाण आले. एक माझा, एक तिचा. मेघाने तिचा बाण माझ्या बाणाभोवती गोल फिरवला. पाच मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बाण फिरवत होतो.

कामाला ते येणार नाही. नव्या बाणासोबत कीबोर्डची नवी जागाही तयार होते, पण खरा कीबोर्ड जुन्यालाच जोडलेला राहतो. टाइप केलेलं माझ्या बाणाच्या खिडकीत जातं. शिवाय बहुतेक प्रोग्रॅम बाण एकच आहे असं धरून लिहिलेले असतात.

१३ जुलै, रविवार

रात्री नीट विचार केला. श्री-लिपीत (मराठी फॉन्टच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये) बसवलेल्या दहा-बारा वर्षांच्या फाइली, कोरलची पानं, प्रेसवाल्यांची मागणी. हंगामाच्या तोंडावर सगळं लिनक्सवर नेणं शक्य नाही. विंडोज १० चा आधार (कंपनीचा सपोर्ट) १४ ऑक्टोबरला संपतो आहे, तेव्हा हा विषय निघणारच आहे, पण गणपतीनंतर.

लिनक्सवर जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. दोन्ही माउस एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घेऊ नका. ओंकारने घरातले दोन जुळे माउस लावून पाहिले, तर यादीत दोघांचं नाव तेच, उत्पादकाचा आणि मॉडेलचा कोडही तोच. साध्या माउसला स्वतःचा सीरियल नंबर सहसा नसतो. मग माउस कुठल्या यूएसबी पोर्टात लावला आहे त्यावरून ओळखावं लागतं. यूडेव्हच्या (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाच्या) नियमात त्या पोर्टचा पत्ता लिहून माउसला एक खूण लावायची आणि ती खूण असलेल्याची बटणं उलटायची. हे जमतं, पण कुणी झाडू मारताना वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावली की डावा माउस उजवा होतो. वेगळ्या कंपनीचा माउस हा सोपा उपाय.

मला सुचलेला मार्ग मात्र वेगळा आहे. अदलाबदल प्रवाहाच्या आधी करायची तर सगळ्यात आधीची जागा म्हणजे माउस स्वतः. तिच्या तर्जनीखालच्या बटणाने मुळातच क्रमांक १ पाठवला, तर कुठल्याच कॉम्प्युटरला काही सांगावं लागणार नाही.

१९ जुलै, शनिवार

चालत लॅमिंग्टन रोडला. प्रार्थना समाजापर्यंत छत्री होती, ऑपेरा हाउसपाशी वाऱ्याने उलटली. पुढे भिजतच.

डावखुऱ्यांचे खास माउस निघतात. लॉजिटेकने २०२२ मध्ये उभ्या पकडीच्या माउसची डाव्या हाताची आवृत्ती काढली आहे. दुकानात ती नव्हती, आणि असती तरी मला सध्या परवडली नसती. काही गेमिंग माउसांच्या आतच मेमरी असते, बटणांची मांडणी एकदा बदलून त्यातच साठवता येते, मग तो माउस कुठेही नेला तरी तसाच चालतो. हा चांगला मार्ग आहे. ज्यांना सोल्डरिंगच्या वाटेला जायचं नाही त्यांनी हेच करावं. पण घेण्याआधी दुकानात खात्री करून घ्या की बदल माउसमध्ये साठतो, नुसता त्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये नाही.

मी घेतले दोन साधे वायरचे माउस, साडेतीनशेला एक. आकार पाहून घेतले. दोन्ही बाजू सारख्या, कुठल्याही अंगाला अंगठ्याची खोबण नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन सेम कशाला?" मी म्हटलं, एक बिघडेल, त्यासाठी.

२० जुलै, रविवार

बिघडला.

ओंकारच्या वडिलांचा सोल्डरिंगचा संच काढला, मल्टीमीटर काढलं, ताटात वर्तमानपत्र घातलं. माउसच्या पोटावरच्या लेबलखाली बोट फिरवलं की जिथे खड्डा लागतो तिथे स्क्रू असतो. एकच होता. झाकण मागून उचलून पुढे सरकवलं की निघतं.

आत फारच थोडं असतं. एक चिप, तिच्याखाली भिंग, चाक, आणि तीन छोटे काळे डबे. ते मायक्रोस्विच. प्रत्येकाला तीन पाय, त्यातला एक नुसता आधाराला. उरलेल्या दोनांवर मल्टीमीटरच्या सुया ठेवून बटण दाबलं की बीप वाजते. एकेक पट्टी शोधत गेले. या माउसमध्ये तिन्ही स्विचांचा एकेक पाय एकाच तांब्याच्या पट्टीवर आहे, आणि दुसरा पाय आपापल्या पट्टीने चिपकडे जातो. म्हणजे करायचं एवढंच. डाव्या आणि उजव्या स्विचच्या चिपकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या कापायच्या आणि बारीक वायरने तिरप्या जोडायच्या. डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला.

पट्ट्या ब्लेडने कापल्या, बीप थांबली. पहिलं टोक सोल्डर केलं, छान बसलं. दुसऱ्याला सोल्डर पसरेना म्हणून आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं, आणि तांब्याची गोल टिकली बोर्डावरून सुटून आयर्नच्या टोकाला चिकटून वर आली. हे बोर्ड स्वस्त असतात, तांबं पातळ डिंकावर बसवलेलं. तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता दिली की सुटतं. पायाशी जोडायला जागाच उरली नाही.

मेघा शेजारी बसून होती. म्हणाली, "वहिनी, राहू दे ना. माझ्यासाठी एवढं कशाला." मी तिला सांगितलं, या टेबलावर अर्धं काम तुझं आहे, मग अर्धं टेबलही तुझं. दुसरा माउस आज उघडणार नाही, हात स्थिर असेल तेव्हाच.

२२ जुलै, मंगळवार

बिघडलेल्या बोर्डावर सराव. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, आधी वायरच्या टोकाला सोल्डर चढवायचं, पायावर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप), मग वायर टेकवून एक-दोन म्हणायचं आणि आयर्न उचलायचं. पंधरा टाके मारले. शेवटचे सहा चांगले.

२७ जुलै, रविवार

झालं.

सकाळी साडेनऊला, उजेड खिडकीतून थेट टेबलावर येतो तेव्हा बसले. पट्ट्या कापल्या, कापलेल्या जागी बीप येत नाही याची खात्री केली. इनॅमलचा लेप असलेली केसासारखी वायर घेतली, टोकांचा लेप ब्लेडने खरवडला. दोन वायरी, चार टाके, प्रत्येकाला दोन सेकंद. वायरी चाकाच्या दांड्यापासून आणि भिंगाच्या भोकापासून लांब, कडेने नेल्या आणि नेलपॉलिशच्या थेंबांनी चिकटवल्या. मेघाचंच नेलपॉलिश, लाल.

झाकण लावण्याआधी माउस कॉम्प्युटरला जोडला आणि उघड्या स्विचवर बोट ठेवलं. उजवा स्विच दाबला, फोल्डर निवडला गेला. डावा दाबला, मेनू आला. विंडोजच्या सेटिंगला हात लावलेला नाही. तो हालचालीवर चालणारा प्रोग्रॅम काढून टाकला आहे. माझा माउस जसा होता तसा.

मेघा डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून, चर्नी रोडला उतरून अकराला आली. तिला काही न सांगता माउस तिच्या जागी ठेवला होता. तिने चपला काढल्या, बसली, डावा हात माउसवर गेला, आणि न हलवता तर्जनीने क्लिक केलं. मुद्दाम. आषाढीच्या दिवसापासून ते तिच्या मनात होतं. बरोबर निवडलं गेलं. मग मी माझ्या माउसने न हलवता क्लिक केलं. तेही बरोबर. तिने पुन्हा, मी पुन्हा. दहा-बारा वेळा तरी.

२ ऑगस्ट, शनिवार

कीबोर्डचा प्रश्न उरला होता. डाव्या हातात माउस असला की कॉपी-पेस्टच्या कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही या जोड्या उजव्या हाताने कीबोर्ड ओलांडून दाबाव्या लागतात. सगळ्या सोयी डाव्या कोपऱ्यात, उजवा हात माउसवर आहे असं धरूनच ठेवलेल्या. जुन्या जोड्या विंडोजमध्ये अजून चालतात. कंट्रोल-इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट-डिलीट म्हणजे कट. या सगळ्या कळा उजवीकडे आहेत. मेघाला दोन दिवसांत बसल्या.

आणि एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. आकड्यांच्या कळा कीबोर्डच्या उजव्या टोकाला असतात, त्यामुळे माझा माउस अक्षरांपासून वीतभर लांब. मेघाचा माउस अक्षरांना लागून. शिवाय जमाखर्चाचे आकडे ती उजव्या हाताने भरते आणि त्याच वेळी डाव्याने पुढचा चौकोन निवडते. माउस सोडावाच लागत नाही. जमाखर्चाची पानं आता तिच्याकडे.

डग्लस एंगलबर्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस पहिल्यांदा लोकांसमोर आणला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताखाली माउस आणि डाव्या हाताखाली पाच कळांची वेगळी पट्टी होती. दोन्ही हात एकदम कामात. मेघाला आकडे भरताना पाहिलं की ते आठवतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. रुळांवर पाणी, मध्य रेल्वे बंद, मेघा डोंबिवलीत अडकली. शेवटचा अहवाल आज प्रेसला जायलाच हवा.

एकटीनेच बसले, आणि दुपारी मनगट भरून आल्यावर तिच्या जागी सरकून तिचा माउस डाव्या हातात घेतला. पहिला तास फार कठीण गेला. बाण हवा तिथे थांबत नाही, बोटं योग्य तरी हात अडाणी. ओळ निवडायला गेले की अर्धा शब्द सुटतो. तीन वर्षं ती रोज असं करत होती, माझ्या देखत, आणि पान वेळेवर देत होती. मी फोन केला आणि तिला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सातव्या पानावर खजिनदारांचं आडनाव चुकलंय, तेवढं बघ."

बघितलं. चुकलं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळे अहवाल छापून आले. उरलेली किरकोळ कामं आज उरकली.

दोन्ही माउसचा वेग सारखा नाही. प्रोग्रॅम काढल्यामुळे विंडोजचा वेग दोघांना एकच लागू होतो. मेघाच्या माउसचा डीपीआय (हात इंचभर हलला की माउस किती पावलं मोजतो तो आकडा) १०००, माझा १६००. माझ्या माउसच्या चाकामागे डीपीआयचं बटण आहे, ते एक पायरी खाली आणलं. आता जवळजवळ सारखे.

डाव्या माउसच्या पोटावर मार्करने 'डावा' लिहिलं, वर पारदर्शक टेप. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावली: "सेटिंगमधलं प्रायमरी बटण लेफ्टच राहू दे. ते बदललं तर दोन्ही माउस उलटे होतील." मागच्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या मुलाने चांगल्या मनानेच सेटिंग बदलून ठेवलं होतं, म्हणून ही चिठ्ठी.

बिघडलेल्या माउसचे मायक्रोस्विच काढून काडेपेटीत ठेवले. मेघाच्या माउसमध्ये आता उजवा स्विच जास्त चालणार, पुढेमागे तो झिजेल, तेव्हा हेच लागतील. काडेपेटी ड्रॉवरमध्ये, नेलपॉलिशच्या शेजारी.

मेघाने विचारलं, सोमवारी तिला तिच्या बँकेतल्या मैत्रिणीकडे एक पत्रिका लावायला जायचं आहे, माउस नेला तर चालेल का, तिथल्या कॉम्प्युटरला काही करावं लागेल का. काही करावं लागणार नाही, नुसता जोडायचा. एक्स्टेन्शन वायरही बरोबर दिली.